निवडणूक कचेरीवर किटली

कायद्याला कुणाला घाबरायचं असेल त्यानं खुशाल घाबरावं, कलमभाऊ कायदा खिशात घेऊन फिरायचे! निवडणूक खर्चाच्या नियमांची निळ्या पुठ्ठ्याची पुस्तिका त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम असायची. कुणी रस्त्यात सहज "काय, बरंय ना?" म्हणून विचारलं, तरी उत्तरादाखल एखादं कलम ऐकायची तयारी ठेवावी लागे. त्यामुळे सगळं गाव त्यांना कलमभाऊच म्हणे. खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं.

निवृत्त होईपर्यंत तीस वर्षं त्यांनी बस डेपोत वेळापत्रकं लावली. कुठली बस कुठल्या दिवशी किती वाजता सुटणार हे ठरवणारा माणूस! दिवस मोजण्यात आपला हात धरणारा कुणी जन्माला आलेला नाही, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. आता ते किटली पक्षाचे खजिनदार होते. पक्ष लहान. सभासद सतरा, त्यातले पाच घरचेच. उमेदवार एकच, त्यांची थोरली बहीण.

ताई नर्स होती. वॉर्डातल्या दवाखान्यात तिनं अर्ध्या वॉर्डाला जन्मल्या जन्मल्या पायाला धरून रडवलं होतं. तो दवाखाना बंद पडला आणि तो पुन्हा उघडावा म्हणून ताई पालिकेच्या निवडणुकीला उभी राहू लागली. तीनदा उभी राहिली, तीनदा पडली. गेल्या खेपेला तर अकरा मतांनी! आता पालिकेनं ठरवलं होतं, की ही निवडणूक उरकली की दवाखान्याची इमारत विकून टाकायची. म्हणजे ताई या वेळी आली तर आली, नाहीतर पुढे कशासाठी उभं राहायचं हा प्रश्नच मिटणार होता.

तर अशा आणीबाणीच्या वेळी कलमभाऊंनी ताईच्या स्वयंपाकघरात पक्षाची बैठक बोलावली. सतरापैकी नऊ जण आले. दोघांना बसायला जागा नव्हती, ते ओट्याला टेकून उभे राहिले.

"नियम काय म्हणतो?" भाऊंनी पुस्तिका न उघडता सुरुवात केली. "मतदानाआधीचे शंभर दिवस पक्षाच्या खर्चाला मर्यादा. त्या दिवसांत जे वापराल ते मोजणार, मग ते विकत कधी का घेतलेलं असेना. पण त्याच्या आदल्या दिवशी? हत्ती नाचवा! कुणी विचारणार नाही."

ताईनं हत्ती कुठून आणणार असं विचारलं. भाऊ म्हणाले, हत्ती नाही, किटली. दोन मजली उंच, लालभडक, गॅस भरलेली, आभाळात उडणारी किटली! शेवटच्या मोकळ्या दिवशी सकाळी वर चढवायची, संध्याकाळी पाचला उतरवायची, घडी करून माळ्यावर टाकायची. खर्च कितीही झाला तरी हिशेबात शून्य, आणि लोकांच्या डोळ्यांसमोरून शंभर दिवस हलणार नाही. ऐकणाऱ्यांनी आ वासला. ओट्याला टेकलेल्यांपैकी एकानं तर हळूच टाळी वाजवली.

ताई मात्र शांत होती. "काय करायचं ते कर," ती म्हणाली. "पण माझ्या नावाकडे कुणी बोट दाखवायला नको. मर्यादा ओलांडली तर निवडून आलेल्यालाही खाली खेचतात, हे तूच मला सांगितलंयस."

भाऊंनी तिच्यादेखत भिंतीवरचं कॅलेंडर खाली घेतलं. मतदानाच्या तारखेवर बोट टेकवलं, "एक" म्हणाले आणि उलटे मोजत निघाले. शंभर म्हणाले तेव्हा बोट एका गुरुवारावर होतं. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा गुरुवारच! म्हणजे बुधवार हा शेवटचा मोकळा दिवस. फुगेवाल्याला, म्हणजे दुकानांच्या उद्घाटनांना मोठमोठे फुगे पुरवणाऱ्या कारागिराला, बुधवारी दुसरीकडचं काम होतं. मंगळवारी उडवू म्हणून त्यानं फार विनवलं. पण लोक जितकं उशिरा बघतील तितकं जास्त लक्षात ठेवतील, असा भाऊंचा हिशेब. त्यांनी वरचे पैसे मोजून बुधवारच पक्का केला.

बुधवार उजाडला आणि किटली वर गेली. काय सांगावं! आधी मैदानात नुसता कापडाचा ढीग पडला होता, तो फुगेवाल्यानं नळी लावली तसा हळूहळू उठून बसला. मग तोटी बाहेर आली, मग कान, मग झाकण. आणि बघता बघता ती अख्खी किटली जमीन सोडून, कसलाही आवाज न करता, घरांच्या वर, झाडांच्या वर जाऊन उभी राहिली. सारा रस्ता थबकला. न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला आणि त्याच्यामागे अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक. समोरच्या पक्षाचे कार्यकर्तेसुद्धा माना वर करून उभे राहिले, तोंडं उघडीच. एका ड्रायव्हरनं बस मधोमध थांबवली आणि काचेतून डोकं बाहेर काढलं. एरवी एका मिनिटाच्या उशिरासाठी भाऊंनी त्याची सालटी काढली असती. त्या दिवशी त्यांनी त्याला मोठ्या मनानं माफ केलं, कारण त्यांचे स्वतःचेच डोळे भरून आले होते. आपल्या हातून एवढं मोठं काही घडेल असं त्यांना खरंच कधी वाटलं नव्हतं.

बरोबर पाचला भाऊ म्हणाले, उतरव. फुगेवाला म्हणाला, वारा आहे, पंधरा मिनिटं थांबू. भाऊंनी घड्याळ दाखवलं. वेळापत्रक म्हणजे वेळापत्रक! फुगेवाल्यानं दोराचं चाक फिरवायला घेतलं, दोर अर्धा गुंडाळला, आणि वाऱ्याचा असा काही झटका आला की चाकावरची गाठ सुटली. किटली दोरासकट निघाली. दोन गल्ल्या ओलांडून ती एका तीन मजली इमारतीवर पोचली, दोर गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या लोखंडी शिडीत अडकला आणि तिथे तिनं मुक्काम ठोकला.

इमारत कुठली? निवडणूक कचेरी!

भाऊ धावत तिथे पोचले तेव्हा कचेरी बंद झाली होती. वॉचमननं सांगितलं की गच्चीची किल्ली निवडणूक अधिकारी मॅडमकडे असते आणि मॅडम उद्या दहाला येतील. भाऊंनी त्याला कलमं ऐकवली, विनवण्या केल्या, शेवटी नुसतेच त्याच्याकडे बघत राहिले. त्यानं त्यांना पाणी दिलं, किल्ली दिली नाही.

गुरुवारी सकाळी सहापासून भाऊ कचेरीखाली उभे. त्यांच्या हिशेबानं शंभर दिवस सुरू झाले होते आणि पक्षाची किटली सरकारी डोक्यावर बसून प्रचार करत होती! कुणीतरी अग्निशमन दलाला बोलवा म्हणालं. भाऊ अंगावर धावून गेल्यासारखे ओरडले, "फुकटची मदत म्हणजे देणगी, आणि देणगी बाजारभावानं धरतात!" मग रंगारी आला, लांब शिडी घेऊन, आपणहून. भाऊंनी पुस्तिका चाळली. माणसाची फुकट मेहनत खर्चात धरत नाहीत, पण शिडीचं भाडं धरतात. तेव्हा त्यांनी रंगाऱ्याला सांगितलं, तू थांब, शिडी परत पाठव. रंगाऱ्यानं एकदा तीन मजले वर पाहिलं, एकदा भाऊंकडे पाहिलं आणि तो शिडी घेऊन घरी गेला. नऊ वाजता समोरच्या पक्षाचे दोघे तक्रारीचा अर्ज घेऊन दारात येऊन उभे राहिले. एव्हाना किटलीतला गॅस जरा कमी झाला होता आणि तिचं पोट तिसऱ्या मजल्याच्या खिडक्यांवर घरंगळलं होतं.

दहाला मॅडम आल्या. लहानखुऱ्या, हातात डबा, डोळ्यांवर जाड चष्मा. वर एक नजर टाकून त्या आत गेल्या आणि पाच मिनिटांत भाऊंना बोलावणं आलं.

मॅडमची खोली तिसऱ्या मजल्यावरच होती. खिडकीवर किटलीचं पोट टेकलेलं, त्यातून ऊन झिरपून सगळी खोली लाल झाली होती. फायली लाल, भिंती लाल, मॅडमही लाल! भाऊंनी खिशात हात घातला.

"पुस्तिका राहू द्या," मॅडम म्हणाल्या. "एकोणिसावं कलम, तिसरा भाग. अपघातानं मागे राहिलेली वस्तू वापरात धरत नाहीत. तुम्ही हेच दाखवणार होतात ना?"

भाऊंचा हात खिशातच राहिला. त्यांना तो भाग शोधायला पहाटे पाऊण तास लागला होता. गावात आपल्याशिवाय कुणालाच कलमं येत नाहीत असं ते आजवर धरून चालले होते, आणि इथे ही बाई डबा ठेवता ठेवता सांगून मोकळी झाली होती. त्यांना तिच्यासमोर हात जोडावेसे वाटले.

"म्हणजे आजचा दिवस धरणार नाही?" त्यांनी चाचरत विचारलं.

"आजचा नाही."

भाऊंना खुर्चीतल्या खुर्चीत उडी मारावीशी वाटली. वाचलो! ताई वाचली, दवाखाना वाचला!

"कालचा धरणार," मॅडम म्हणाल्या.

भाऊ हसले. मॅडमचीही कधीतरी चूक होते, हे पाहून त्यांना जरा बरंच वाटलं. मर्यादा आजपासून, गुरुवारपासून सुरू होते, हे त्यांनी अगदी नम्रपणे सांगितलं. मॅडमनी टेबलावरचं कॅलेंडर त्यांच्यापुढे सरकवलं आणि मोजून दाखवा म्हणाल्या. भाऊंनी मतदानाच्या तारखेवर बोट टेकवलं आणि म्हणाले, "एक."

"तिथे एक म्हणायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "तो मतदानाचा दिवस. मतदानाआधीचे शंभर दिवस म्हटलंय ना? मग एक त्याच्या आदल्या दिवसाला म्हणायचं."

भाऊंनी बोट एक घर मागे घेतलं. मग त्यांनी पुढे मोजलं नाही. कशाला मोजायचं? त्यांना कळलं होतं. शंभर बुधवारी होत होते. ज्या एका दिवसासाठी त्यांनी वरचे पैसे मोजले, तोच नेमका मर्यादेचा पहिला दिवस होता!

"परवा उडवली असतीत तर काहीच प्रश्न नव्हता," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच भाऊंना जास्त लागलं. "काल मी खिडकीतून बराच वेळ बघत होते. फार सुंदर दिसत होती हो."

तेवढ्यात खिडकीवरची किटली एक लांब सुस्कारा सोडून खाली सरकली, पार रस्त्यावर जाऊन पडली, आणि खोलीत लख्ख पांढरा उजेड आला.

मर्यादेचे शंभर वाटे केले, तर त्यातले सत्त्याण्णव किटलीनं खाल्ले होते. मर्यादा मोडली नव्हती एवढंच नशीब. उरलेल्या तीन वाट्यांत दोन रीम कागद बसत होते. पत्रकं नाहीत, फलक नाहीत, गाडी नाही, मांडव नाही, आणि दिवस उरले होते अठ्ठ्याण्णव! भाऊ ताईच्या घरी गेले ते मान खाली घालूनच. सगळं सांगितलं, बोट कुठे टेकवलं तेही सांगितलं. सांगता सांगता त्यांनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. ताईचा दवाखाना आपण एका बोटानं घालवला, असं ते म्हणाले.

ताईनं विचारलं, "चालण्याचा खर्च धरतात का रे?"

"नाही."

"आणि बोलण्याचा?"

"तोही नाही."

"मग रडतोस कशाला? उद्या सकाळी सातला ये."

ती दुसऱ्या दिवसापासून चालायला लागली. पहिलंच दार होतं एका म्हाताऱ्या पोस्टमनचं. दार उघडलं आणि तो बघतच राहिला. म्हणाला, किटलीवाल्या तुम्हीच ना? तीन निवडणुका मी तुम्हाला ट्रकवरून हात हलवताना पाहिलं. कर्णा एवढा मोठा, की तुम्ही काय म्हणता ते कधी कळलंच नाही. दार वाजवलंत ते आज पहिल्यांदा. ताईच्या मागे दोन रीम कागद पोटाशी धरून भाऊ उभे होते. तिन्ही वेळचे ट्रक त्यांनीच ठरवले होते, कर्णेही त्यांनीच, घासाघीस करून. त्यांनी नजर जमिनीवरून उचलली नाही.

पुढचे दिवस भाऊ नुसते बघत राहिले. ताई दारोदार जायची आणि समोरच्याला ओळखायची. तुझं वजन कमी भरलं होतं, तुझ्या आईला तीन दिवस ठेवून घेतलं होतं, तू पायाळू, तुझ्या वेळी दिवे गेले होते! चाळिशीचे बाप्ये तिच्यासमोर पोरांसारखे उभे राहायचे. तिच्या डोक्यात अख्खा वॉर्ड वजनासकट नोंदलेला होता, आणि भावाला आजवर त्याचा पत्ता नव्हता. संध्याकाळी पाय सुजायचे तिचे, तरी सकाळी सातला ती पुन्हा दारात तयार. सख्ख्या बहिणीकडे असं दिपून बघायची वेळ साठीत येईल, हे भाऊंना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

ताई सहाशे चाळीस मतांनी निवडून आली. पालिकेच्या पहिल्याच बैठकीत इमारत विकायचं रद्द झालं. दवाखान्याचं कुलूप काढायला सगळा वॉर्ड लोटला. मॅडमही आल्या होत्या, मागे उभ्या. एका वार्ताहरानं ताईला विचारलं, तीनदा हरल्यावर या वेळी असं वेगळं काय केलंत?

ताईनं शेजारी उभ्या असलेल्या भावाच्या पाठीवर प्रेमानं हात ठेवला.

"तिन्ही वेळा माझ्या भावानं जिवापाड प्रचार केला," ती म्हणाली. "या वेळी त्याला काही करता आलं नाही, म्हणून जमलं."

लोक खो खो हसले. आणि कलमभाऊ काय करतात बिचारे, सगळ्यात आधी टाळ्या त्यांनीच वाजवल्या.