सुभेदारांच्या गेटावरचा हत्ती

आमच्या गल्लीत सकाळी उठल्यावर कुणी पंचांग बघत नाही. सुभेदारांचं गेट बघतात.

गेटाच्या उजव्या खांबावर एक खिळा आहे. त्याला रोज सकाळी एक चित्र लटकलेलं असतं. बेडूक असला तर सुभेदार खुशीत आहेत, आत जायला हरकत नाही, चहा मिळेल. अस्वल असलं तर माणूस सुस्तावलाय, बेल वाजवू नये. आणि गेंडा असला तर दूधवालासुद्धा गाडी गल्लीच्या तोंडाला बंद करतो आणि ढकलत आणतो. नवा भाडेकरू आला की नळाला पाणी कधी येतं आणि गेंडा म्हणजे काय, या दोन गोष्टी त्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवतात.

एका विमा एजंटाला हे कुणी सांगितलं नव्हतं. गळ्यात टाय, हातात बॅग, आणि गेंडा लटकत असताना यानं खुशाल बेल वाजवली. बऱ्याच वेळानं बाहेर आला तेव्हा त्याचा शर्ट नीट खोचलेला होता, केस पाणी लावून बसवलेले होते, आणि माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून तो पाणी मागत होता. विम्याचं काय झालं, हे त्याला आठवतच नव्हतं.

माझं दुकान झेरॉक्सचं. पलूसमध्ये, सुभेदारांच्या घराच्या बरोबर समोर. सातबारा, आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला, यातच माझा जन्म चाललाय. एक दिवस सुभेदार मोबाइल घेऊन आले आणि म्हणाले, "संजू, ह्यातली जनावरं काढून दे. रंगीत. वरनं लॅमिनेशन कर, पावसात टिकाय पायजेत."

मला वाटलं, नातीचा वाढदिवस असेल. तसं विचारलं.

"नातीची न्हाईत, माझी हायत," सुभेदार म्हणाले. मी मशीन चालू केलं. झेरॉक्सवाल्यानं फार प्रश्न विचारू नयेत, हे मला धंद्यानं शिकवलंय.

हिंदुराव सुभेदार म्हणजे सहा फूट उंच, मिशा पांढऱ्या पण पीळ अजून कायम. फौजेत उमर काढून आलेले. पलूसला थोडा ऊस, मुलगा आणि सून शिरवळला कंपनीत. घरात हे आणि शालनकाकी. अशा माणसानं रिटायर झाल्यावर काय बघावं? बातम्या बघाव्यात, कुस्त्या बघाव्यात. सुभेदार रोज दुपारी चार वाजता कार्टून बघतात. तेही लोडाला टेकून नव्हे. तोंड धुऊन, शर्ट खोचून, खुर्चीत ताठ बसून. कार्टून चालू असताना बोलायचं नाही. खोकायचं असेल तर जाहिरात लागेपर्यंत थांबायचं.

"बातम्या कशा नाही बघत?" मी एकदा विचारलं.

"त्यात समदीच गेंडं हायत. बेडूक एक न्हाई."

मला हे पटलं, म्हणून मी वाद घातला नाही. आमच्या घरी संध्याकाळी सात ते दहा मालिका चालतात. त्यातली सून तीन वर्षं रडते आहे आणि तिच्यापायी आमच्या घरात भाजी करपते. त्यापेक्षा गेंडा परवडला.

सुभेदारांच्या कार्टूनमध्ये एक जंगल आहे आणि त्यात ही सगळी जनावरं राहतात. गेंडा आधी धडक मारतो आणि मग मोडलेलं झाड उभं करत बसतो. अस्वल झोपतं. बेडूक कारण नसताना उड्या मारतो. गोष्ट चार वर्षांच्या पोराला कळेल एवढीच. पण सुभेदार ती फौजी नजरेनं बघतात. "ह्या अस्वलाला संत्री म्हनून पहाऱ्यावर ठिवलंच कुनी? ही वरच्याची चूक हाय," असं ते गंभीरपणे म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात येऊन तोच विषय पुढं चालवतात. मागं सातबाऱ्याची रांग लागलेली असते.

या वेडाचं मूळ त्यांची नात, ओवी. शाळेत जायच्या वयाची होईपर्यंत ती आजी-आजोबांकडंच वाढली. ती रोज विचारायची, "आजोबा, आज तुम्ही कोण?" सुभेदारांना उभ्या आयुष्यात हे कुणी विचारलं नव्हतं. फौजेत साहेबानं विचारलं की "ठीक हूं सर", घरात बायकोनं विचारलं की "ठीक हाय". विषय संपला. पण पोरीला 'ठीक' चालेना. तिनं कार्टूनमधलं एकेक जनावर दाखवून विचारायला सुरुवात केली आणि पहिल्यांदा सुभेदारांनी बोट ठेवलं ते गेंड्यावर. पुढं ओवी शिरवळला गेली. टीव्ही राहिला, चार वाजता चालू करायची सवय राहिली, आणि 'आज तुम्ही कोण' हा प्रश्नही घरातच राहिला. आता तो विचारायला कुणी नव्हतं, म्हणून सुभेदारांनी उत्तर गेटावर लावायला सुरुवात केली.

तेवढ्यावर थांबतील तर ते सुभेदार कसले! त्यांनी अख्ख्या गल्लीला ही भाषा शिकवायला घेतली. मी सकाळी शटर वर केलं की समोरून आवाज यायचा, "संजू, हालत?"

"बरं चाललंय की."

"बरं नावाचं जनावर न्हाई. नीट सांग."

"अस्वल, सुभेदार. रात्री लाईट नव्हती, झोप झाली न्हाई—"

"हालत सांगायची, कारन न्हाई!"

हे त्यांचं ब्रीदवाक्य. कारण सांगायला लागलं की माणूस रडगाणं गातो किंवा खोटं बोलतो, असं त्यांचं मत. त्यामुळं आमच्या गल्लीत किराणा दुकानदार भूपालआण्णासारखा धीरगंभीर जैन माणूससुद्धा गूळ तोलता तोलता "आज गेंडा हाय बरं का, उधारीचं बोलू नगा" असं गिऱ्हाईकाला सांगायला लागला.

चित्रं लॅमिनेट करताना त्यात एक हत्तीही निघाला. प्रचंड मोठा हत्ती, एका एवढ्याशा झुडपामागं लपून बसलेला. डोळे गच्च मिटलेले. मी विचारलं, हे काय?

सुभेदारांनी भाग समजावून सांगितला. जंगलात ढग गडगडले की हत्तीला भीती वाटते. तो झुडपामागं लपतो आणि त्याला वाटतं, आपण कुणाला दिसत नाही. दिसतो सगळ्यांनाच. पण कुणी 'दिसलास' म्हणत नाही. माकड म्हणतं, माझं केळ इकडं पडलं. ससा म्हणतो, मला इथलंच गवत आवडतं. असं करत करत सगळं जंगल त्या झुडपाभोवती येऊन बसतं आणि गडगडाट थांबेपर्यंत बसून राहतं.

"मंजे घाबरल्यावर हा लावायचा," मी म्हणालो.

सुभेदारांनी माझ्याकडं असं बघितलं की माझा शर्ट आपोआप खोचला गेला. "फौजी मानसाला ह्यो लागत न्हाई. पर शेट पुरा पायजे, म्हनून काढ."

आणि खरंच हत्ती कधी लागला नाही. वर्षं गेली. बेडूक उन्हानं फिका पडला, गेंड्याचा एक कोपरा पाण्यानं फुगला, दोन्ही मी परत छापून दिले. हत्ती कपाटात कोरा करकरीत.

मधे एक प्रकरण झालं. कोरेगावहून सुभेदारांच्या बहिणी राहायला येणार होत्या. त्या आल्या की स्वयंपाकघराचा ताबा घेतात आणि आमटीत गूळ कमी का, यावर तीन दिवस बोलतात. त्या सकाळी गेटावर गेंडा लटकला. आम्ही सगळे दबकून. पेपरवाल्यानं पेपर लांबूनच फेकला. आणि आत सुभेदार बेडकासारखे खुशीत, बहिणी येणार म्हणून शिट्टी वाजवत, चहाला कुणी का येईना म्हणून वाट बघत बसलेले. शेवटी बाहेर आले, गेंडा बघितला आणि तिथंच चौकशी बसवली.

"ह्यो कुनी लावला?"

"म्या लावला," शालनकाकी पदराला हात पुसत म्हणाल्या. "का? तुमालाच मूड हाय व्हय? चाळीस वर्सं चुलीम्होरं मी काय धोंडा हुते?"

दुसऱ्या दिवशी सुभेदारांनी डाव्या खांबावर नवा खिळा मारला आणि माझ्याकडून काकींसाठी पूर्ण सेट काढून नेला. तेव्हापासून गेटावर दोन चित्रं लागू लागली. काकींनी मात्र काहीच कपाटात ठेवलं नाही. गॅस संपला की हत्ती. वीज कडाडली की हत्ती. गल्लीत माकड शिरलं की हत्ती. आणि हत्ती दिसला की बायका काही ना काही निमित्त काढून आत जायच्या, हसत खिदळत बसायच्या. सुभेदार म्हणायचे, "हिनं हत्ती पार सवंग करून टाकला."

यंदा काकींच्या पित्ताशयात खडे निघाले. मिरजेला ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, तसं साधंच आहे, पण यांना शुगर आहे, बीपी आहे, जपून करावं लागेल. निघताना काकींनी डाव्या खिळ्याला आपल्या हातानं बेडूक लावला, गाडीत बसल्या आणि आम्हाला हात हलवून गेल्या.

सुभेदारही बरोबर गेले होते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा त्यांना परत घरी सोडून गेला. झालं असं, की सुभेदारांनी वॉर्डाची तपासणी सुरू केली. चादरींच्या घड्या मोजल्या, वॉर्डबॉयला बूट पुसून यायला सांगितलं, आणि डॉक्टरला विचारलं की तुमचा अनुभव किती. काकींचं बीपी चढायला लागलं आणि ऑपरेशन दुपारवर गेलं. तेव्हा काकींनीच मुलाला सांगितलं, "ह्यास्नी घरी न्हे, न्हाईतर मी काय वाचत न्हाई."

मुलगा गेला. मी एका बाईंच्या रेशन कार्डाची झेरॉक्स काढत होतो. मान वर केली तर सुभेदार गेटाशी पाठमोरे उभे. बराच वेळ उभे होते. मग आत गेले आणि दार लावून घेतलं.

डाव्या खांबावर काकींचा बेडूक होता. उजव्या खांबावर हत्ती.

करकरीत, नवा, झुडपामागं डोळे मिटून बसलेला. रेशन कार्डवाल्या बाईही गेटाकडं बघायला लागल्या. "आगं बया," म्हणाल्या आणि सुटे पैसे घ्यायचे विसरून तशाच निघाल्या. काही वेळानं त्याच बाई कोथिंबिरीची जुडी घेऊन सुभेदारांच्या दारात उभ्या. "जास्तीची आली हुती, म्हनलं तुमच्यात लागंल." काकी घरात नाहीत हे साऱ्या गल्लीला माहीत होतं. सुभेदारांनी कोथिंबीर घेतली. बाई आत जाऊन बसल्या.

मग दूधवाला आला, दुपारी. म्हणाला, सकाळी माप चुकलं होतं. शेजारच्या घरातल्या सूनबाई आल्या, म्हणाल्या आमचा टीव्ही बिघडलाय, तुमच्यात बघू का? त्यांचा टीव्ही मला दुकानापर्यंत ऐकू येत होता. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, हातात स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि बेल बघायला आलोय म्हणून सांगितलं. बेलीला काहीच झालं नव्हतं. सुभेदार म्हणाले, "बघ बाबा."

चार वाजता कार्टून लागलं. आम्ही सगळे ओळीनं बसून बेडकाच्या उड्या बघत होतो. सुभेदार ताठ बसले होते, पण शर्ट खोचायचा राहिला होता. जाहिरात नसताना दूधवाला खोकला, तरी ते काही बोलले नाहीत. फोन मांडीवर होता. कुणी विचारलं नाही, ऑपरेशन झालं का, डॉक्टर काय म्हणाले. हालत सांगितली होती, कारण विचारायचं नव्हतं.

ऊन कलायला लागलं तसे भूपालआण्णा आले, डबा घेऊन. ते दिवस मावळल्यावर खात नाहीत, त्यामुळं त्यांच्या संध्याकाळच्या जेवणाची वेळ गल्लीत सगळ्यांना पाठ आहे.

"सुभेदार, घरात आज कुनी न्हाई. एकट्याला घास उतरत न्हाई. बसता का संगं?"

आण्णांच्या घरात त्या दिवशी मुलीच्या सासरची मंडळी जेवायला होती. सुभेदारांनी सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. त्यांनी आण्णांकडं बघितलं, डब्याकडं बघितलं. "दिवस मावळंल तुमचा, बसा लवकर," म्हणाले आणि अर्धी भाकरी हातात घेतली.

दोघांची जेवणं उरकली, हात धुऊन झाले, तोवर बाहेर सूर्य पार खाली गेला होता. आणि फोन वाजला. सुभेदारांच्या हातातून तो निसटला, मी उचलून स्पीकरवर टाकला. मुलगा म्हणाला, सगळं व्यवस्थित झालं, आई शुद्धीवर आलीय, तुमच्याशी बोलायचं म्हणतीय.

काकींचा आवाज अगदी बारीक आला. "आवं... तुमच्या खिळ्याला काय हाय आज?"

आम्ही सगळे सुभेदारांकडं बघत होतो. सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. त्यांना 'बेडूक' म्हणता आलं असतं. काकी मिरजेत होत्या, त्यांना कुठं दिसणार होतं?

"हत्ती हाय," सुभेदार म्हणाले. "सकाळधरनं हत्ती हाय, शालन."

मग काकी म्हणाल्या, "मग समदी आल्याली असत्याल की. चा तरी दिलासा का त्यास्नी?"

सुभेदारांनी आमच्याकडं पहिल्यांदाच नीट बघितलं. कोथिंबीरवाल्या बाई, दूधवाला, सूनबाई, हातात स्क्रू ड्रायव्हर धरलेला मी, रिकामा डबा घेऊन बसलेले आण्णा. त्यांचे डोळे भरले होते. ते त्यांनी लपवले नाहीत. उठले आणि तडक स्वयंपाकघरात गेले. सूनबाई मदतीला उठल्या तर आतून आवाज आला, "बसा खाली!"

चहा व्हायला बराच वेळ लागला. कप वेगवेगळ्या मापांचे होते आणि साखर घालायची राहिली होती. आम्ही तो मुकाट्यानं प्यायलो. तोवर दिवस मावळला होता, त्यामुळं भूपालआण्णांना चहा चालणार नव्हता. पण त्यांनी नको म्हटलं नाही, आणि घरी जाईपर्यंत कप हातातून खालीही ठेवला नाही.