कुणी मोटार लावली?

टीव्हीवरचं चित्र अडकलं की आमच्या समोरचे दत्ताकाका आधी खिडकीतून गल्लीत डोकावतात आणि विचारतात, "कुणी मोटार लावली?"

नवा माणूस गांगरतो. त्याला सांगावं लागतं, बाबा रे, आपल्या संभाजीनगरात नळाला पाणी येतं तेच मुळात आठवड्यातून एखाद्या दिवशी. त्यात कुणी थेट लाइनला मोटार जोडली की शेजाऱ्याच्या नळातून नुसती हवा. काकांचं निम्मं आयुष्य या हवेशी भांडण्यात गेलं. घरात इंटरनेट आलं तेही त्यांनी नळासारखंच चालवलं. सून मोबाइल बघत असेल तर नातवानं थांबायचं. पाहुण्यानं वायफाय मागितलं तर म्हणणार, "प्यायला देतो, वापरायला नाही." म्हणजे मेसेज चालतील, व्हिडिओ नाही.

मी पडलो कॉम्प्युटरवाला. त्यांच्या जुन्या कॅसेटी, लग्नं, मुंजी, आईचं सहस्रचंद्रदर्शन, सगळं मीच त्यांच्या कॉम्प्युटरवर भरून दिलं आणि घरातल्या टीव्हीवर, मोबाइलवर कुठंही बघता येईल अशी सोय केली. पण काका लग्न लावायचे आणि अक्षता पडायच्या आत बंद करायचे. का, तर पॅक संपेल. शेवटी वैतागून सांगितलं, "काका, हे बाहेरून येतच नाही. तुमच्याच गच्चीवरच्या टाकीतून तुमच्याच नळाला येतंय. पॅकला धक्का नाही." तेव्हापासून त्यांच्याकडं दिवसभर मुंजी लागायला लागल्या.

परवा दुपारी मला बोलावणं आलं. मुंज अडकत होती.

"टाकी माझी, नळ माझा, मग दाब कुठं जातो?"

प्रश्न बिनतोड होता. मलाही चैन पडेना. घरातले सगळे बाहेर गेलेले. कॉम्प्युटर उघडून बघतो तर आणखी एक टीव्ही त्याच टाकीतून ओढत होता, आणि काकांच्या जुन्या राउटरला दोन नळ एकदम झेपत नव्हते. टीव्हीचं नाव होतं 'विनायक हॉल'.

विनायक म्हणजे काकांचा धाकटा भाऊ, भिंतीपलीकडं राहणारा. मागं दुष्काळात त्यानं दोघांच्या सामाईक लाइनला मोटार लावली, काकांची टाकी कोरडी राहिली आणि बोलणं तुटलं. पुढं पाऊस झाला, शहर पार शेंद्र्याकडं सरकलं, गल्लीतल्या रिकाम्या प्लॉटवर इमारती आल्या. अबोला काही सुटला नाही.

"याला पासवर्ड कुणी दिला?" मी विचारलं.

"द्यायला कशाला पाहिजे? आईचं नाव ठेवलंय." मग म्हणाले, "काय बघतोय?"

मी बघितलं. आईचं सहस्रचंद्रदर्शन. त्याची एकच कॅसेट होती आणि ती काकांकडं राहिली होती.

म्हटलं, काका, त्याला तोडू का, एका मिनिटाचं काम आहे. मला वाटलं, आता गल्ली गोळा होणार. काकांनी रिमोट उचलला आणि आपलीच मुंज बंद केली. घरात एकदम शांत झालं. भिंतीपलीकडून सनई ऐकू आली आणि मग कुणातरी म्हाताऱ्या बाईचा, सगळ्यांना पोटभर जेवा म्हणणारा आवाज.

आता तिकडं अडकत नसेल ना, असं काकांनी मला दोनदा विचारलं. नाही म्हटल्यावर खुर्ची ओढून भिंतीजवळ घेतली.

"लावू दे त्याला मोटार," म्हणाले.