प्रोटेक्टरला जपताना

हेडक्लार्कसाहेबांनी आयुष्यात वस्तू वापरल्या कमी आणि जपल्या जास्त. सोफ्यावरचं प्लास्टिक सात वर्षं निघालं नव्हतं. टीव्हीचा रिमोट तर अजून आलेल्या पिशवीतच राहत होता. असा माणूस स्वतःहून दुकानात गेला आणि बायकोच्या कॉम्प्युटरला विजेच्या झटक्यापासून वाचवायला चांगल्यातला सर्ज प्रोटेक्टर घेऊन आला, म्हणजे नवलच.

कारणही तसंच होतं. बायको वयाच्या बावन्नाव्या वर्षी मुंग्यांवर प्रबंध लिहीत होती. तीन वर्षं चाललेलं काम सोमवारी विद्यापीठात द्यायचं होतं. साहेबांना तिचं अपार कौतुक. तेही आपल्या परीने हातभार लावत, पेन्सिलींना टोक काढून देत (ती टाइप करत असे, ही गोष्ट वेगळी). मनात एवढीच आशा, की आभाराच्या पानावर आपलं नाव येईल.

शुक्रवारी दुपारी आभाळ गडगडलं आणि साहेब धावत बायकोच्या टेबलाशी आले.

"अगं, जरा बंद कर ते. दोनच मिनिटं."

"कशाला? शेवटचं प्रकरण चाललंय."

"प्रोटेक्टर काढून ठेवतो. वीजबीज पडली तर जळून जाईल बिचारा."

बायकोचं डोकं वारुळात. "काढा, पण लवकर," ती म्हणाली.

साहेबांनी कॉम्प्युटरचा प्लग थेट भिंतीत खोचला, प्रोटेक्टर मऊ फडक्याने पुसला, बिलासकट खोक्यात घातला आणि कपाटात स्वेटरखाली ठेवून किल्ली फिरवली. बायकोने कॉम्प्युटर पुन्हा चालू केला, आणि त्याच क्षणी बाहेर वीज अशी कडाडली की खिडक्या थरारल्या. पडदा काळा झाला. खोलीभर जळका वास सुटला.

"कॉपी असेल ना दुसरीकडे?" साहेबांनी हळूच विचारलं.

"तुम्हीच म्हणालात, कॉपी कशाला, प्रोटेक्टर आहे ना."

ती उठून कॉम्प्युटरच्या वायरी सोडवू लागली.

पलीकडच्या गल्लीत दुरुस्तीवाल्या मावशींचं दुकान होतं; संध्याकाळी दोघं कॉम्प्युटर घेऊन तिथे गेले. मावशींनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, कॉम्प्युटरचं खोकं उघडलं आणि नुसता वास घेतला. "पॉवर सप्लाय गेलाय. आतलं काय वाचलंय, बघू."

मग त्यांचे हात चालू लागले. एकही स्क्रू इकडचा तिकडे नाही, एकही वायर ओढाताणीने निघाली नाही. साहेब तोंड उघडं टाकून बघत राहिले. पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी इतकं नीट काम कुणाला करताना पाहिलं नव्हतं. मावशींनी हार्ड डिस्क काढून आपल्या मशीनला जोडली आणि पडद्यावर मुंग्या आल्या, रांगेने, सगळ्या प्रकरणांनिशी. बायको स्टुलावर बसली आणि रडली. साहेबांनीही डोळे पुसले, फडकं प्रोटेक्टरचंच होतं.

मावशींनी आधी दोन कॉप्या काढून दिल्या, मग नवा पॉवर सप्लाय बसवला. "घरी प्रोटेक्टर नाही का?" त्यांनी विचारलं.

"आहे की," साहेब अभिमानाने म्हणाले. "त्याला काही झालेलं नाही. कपाटात सुखरूप आहे."

मावशींनी चष्मा परत कपाळावर नेला. "साहेब, त्याच्या पोटात एक चकती असते. विजेचा जास्तीचा दाब आला की ती स्वतःवर घेते आणि मरते. मरायलाच आणलेली असते ती. आणि एवढं कडाडत असेल तर प्लग काढावा, इंटरनेटची तार काढावी आणि गप्प बसावं."

"ते शेवटचं यांना जड जातं," बायको म्हणाली. दुपारपासून पहिल्यांदाच ती हसली, आणि साहेबांचा जीव भांड्यात पडला.

सोमवारी प्रबंध वेळेवर गेला. संध्याकाळी तिने एक प्रत हातात दिली तेव्हा साहेबांनी आधी आभाराचं पान काढलं. मार्गदर्शकांचे आभार होते, दुरुस्तीवाल्या मावशींचे मनःपूर्वक आभार होते. शेवटची ओळ होती: "शनिवार आणि रविवार ज्यांनी घरातल्या कशालाही हात लावला नाही, त्या माझ्या यजमानांचे विशेष आभार."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी ते पान ऑफिसभर दाखवलं. 'विशेष' दुसऱ्या कुणालाच लिहिलेलं नव्हतं. मग त्यांनी त्या पानाला प्लास्टिकचं कव्हर घातलं.