कमचीत बसलेली मान

मुलांनो, एका जंगलात मानेचा एक वैद्य होता. जातीने सुतारपक्षी. त्याला ठोके वैद्य म्हणत. दिवसभर झाडावर चोच आपटूनही त्याची मान कधी दुखली नव्हती. म्हणून मानेतलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही, अशी त्याची खात्री होती.

त्याच्याकडे बांबूची एक कमची होती. जरासा बाक दिलेली. कुणीही आलं की तो ती मानेला लावायचा. बाक जुळला तर बरा, नाही जुळला तर आजारी. तळ्यात स्वतःचं तोंड बघून बघून माकडाची मान पुढे आली होती. मधाच्या पोळ्यावरून पडलेल्या अस्वलाची ताठली होती. दोघांना औषध एकच. गळ्याभोवती सालीचा पट्टा.

त्या तळ्यावर दोन करकोचे राहत. थोरला राणबा, धाकटा गोमा. आईबाप गेल्यावर राणबानेच गोमाला भरवलं, उडायला शिकवलं. गोमा लहानपणी घरट्यातून पडला होता, तेव्हापासून त्याची मान वाकडी. पण ती दुखत कधीच नव्हती.

बिनसलं ते राणबाचं. पाय चिखलात आहे की दगडावर, हे त्याला बघितल्याशिवाय कळेना. चालताना झोक जाई. मान खाली घातली की पाठीतून झिणझिणी थेट पायात उतरे. गोमा घाबरला आणि त्याला ओढतच वैद्याकडे घेऊन गेला.

वैद्याने दोघांकडे पाहिलं आणि गोमालाच पुढे बसवलं.

"आजारी दादा आहे," गोमा म्हणाला.

"मला तर तू दिसतोयस."

बऱ्याच वादानंतर त्याने राणबालाही कमची लावली. कमची अशी बसली की मध्ये केसही जाईना. वैद्याचे डोळे भरून आले. अशी मान त्याने आजवर फक्त मनात पाहिली होती.

"पण त्याच्या पायाला मुंग्या येतात," गोमा म्हणाला.

"मुंग्यांचं खवल्या मांजराला विचार. मी पाय बघत नाही. पट्टा तुला लागेल."

गोमा कमचीवर चोच मारायला धावला. राणबाने त्याला आवरलं. म्हणाला, "मोठ्यांशी असं वागतात होय? घे बांधून पट्टा. एवढं म्हणतायत तर."

गोमाने दादासाठी पट्टा बांधून घेतला. आणि राणबाला वैद्याने तळ्यातल्या उंच दगडावर उभं केलं, सगळ्यांनी बघून शिकावं म्हणून. रोज जनावरं येत, मान बघत, वाहवा करत. पाय लटपटायचे, पण सगळे वर मानेकडेच बघत. राणबा गोमाला म्हणे, "सगळे चांगली म्हणतात, तर असेल चांगली."

एका सकाळी त्याचा पाय दगडावरून सुटला. सुटल्याचं त्याला कळलंच नाही. गोमा काठावरच होता. त्याने धप्प असा आवाज ऐकला, पण पट्ट्यामुळे त्याला खाली बघता येईना. खडकावर गळा घासघासून त्याने पट्टा तोडला आणि उडी घेतली. तोवर उशीर झाला होता.

राणबाला काठावर काढलं. सगळं जंगल जमलं. ठोके वैद्याने पुढे होऊन कमची लावली.

"अजूनही अगदी बरोबर आहे," तो म्हणाला.

सगळ्यांना जरा बरं वाटलं. माकड म्हणालं, मान मात्र शेवटपर्यंत राखली हो त्याने. अस्वलाने पट्ट्यातून जमेल तेवढी मान डोलावली. मग वैद्याने गोमाची विचारपूस केली आणि नवा पट्टा पुढे धरला.

गोमाने तो घेतला नाही. तो खाली बसला. वाकड्या मानेने वाकून त्याने राणबाचा पाय उचलला आणि बोटांमधला चिखल एकेक करून काढू लागला. त्या पायाकडे तोवर कुणी बघितलं नव्हतं.

तात्पर्य: मुलांनो, आजारी पडायचंच असेल तर वैद्याकडे ज्याचं माप आहे, तिथेच आजारी पडावं. दुसरीकडे कुठे पडलात, तर तुम्ही ठणठणीत मराल.