भूममधलं शिलाँग

"हवा, भाव आणि राहणी," आबाराव एकेक बोट दुमडत म्हणाले, "तिन्ही बाबतींत शिलाँग आपल्या भूमच्या लई पुढं हाय. आता तूच सांग बना, इथं थांबून काय करायचं?"

बनाबाई परातीत भिजवलेला गहू कुस्करून कुरडयांचा चीक काढत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "तिकडं कुरडया वाळत्यात का?"

हा प्रश्न आबारावांनी अभ्यासात धरलेला नव्हता. एरवी त्यांचा अभ्यास दांडगा. एसटीत कंडक्टर म्हणून जन्म काढलेला माणूस. दोन गावांतला फरक सांगणं म्हणजे त्यांच्या डाव्या हाताचा मळ. मुलगी चैताली शिलाँगला केंद्र सरकारच्या कचेरीत लागल्यापासून तिथल्या हवामानाची एकही बातमी त्यांनी चुकवली नव्हती. मे महिन्यात भूमला पत्र्यावर भाकरी भाजेल असं ऊन, आणि त्याच दिवशी शिलाँगला लोक स्वेटर घालून हिंडतात. भूमला नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तिथं आभाळच नळासारखं सुरू. घरभाडं तिकडं जास्त, हे खरं. पण कूलर नको, जारचं पाणी नको, म्हणजे शेवटी एकूण एकच. बटाटे तर तिथं फारच छान. तिथं भूमसारखा खवा मिळत नाही, ही एवढी एक गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती.

चैतालीच्या घरमालकिणीच्या खालच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. "उद्या संध्याकाळी सातला फोन करते. हो की नाही, एकदाच काय ते सांगा. मालकीण थांबायची नाही," असं तिनं बजावलं होतं. आणि खरं सांगायचं तर आबारावांना हवा, भाव, राहणी यांचं फारसं पडलेलंच नव्हतं. त्यांना पोरीची आठवण येत होती. पण निवृत्त कंडक्टरनं असं सरळ कसं म्हणायचं? म्हणून ते बटाट्यांचे गुण गात होते.

"वाळतील की कुरडया. जरा उशिरा वाळतील," ते म्हणाले.

"आन् मी मेले तर?"

"आता यात मरायचं कुठनं आलं?"

"म्हातारपणी गाव सोडायचं म्हणजे आधी त्याचा इचार करावा लागतो. इथं काय झालं तर सगळी गल्ली धावंल, डेपोतली माणसं येतील. सोनारीच्या वन्संनी तुमच्या घरात पाय टाकायचा न्हाय म्हणून आण घेतलीय, त्यासुदिक येतील. तिथं कोण हाय? चैताली आन् तिची मालकीण. माझ्या मयताला दोन माणसं? काय शोभा ऱ्हाती त्यात?"

"मेल्यावर तुला काय दिसणार हाय कोण आलं न् कोण न्हाय ते?"

"म्हणून तर जित्तेपणी खात्री पायजे," बनाबाई म्हणाल्या. "आन् माझं जाऊ द्या. तुमाला तरी सोसंल का तिथली थंडी? माघात नुसतं दारात उभं ऱ्हायलं तरी शिंका सुरू व्हत्यात. म्हणं शिलाँग!"

हे वर्मी लागलं. आबाराव ताडकन उठले. "उद्याच दाखवतो! इथंच शिलाँग करतो. उद्या सकाळपासनं सातपर्यंत खाटंवर थंडीत बसतो. तग धरला तर तू चैतालीला व्हय म्हणायचं."

"आन् खाटंवरनं उठलात तर?"

"तर परत शिलाँगचं नाव काढणार न्हाय."

बनाबाई लगेच कबूल झाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना मागच्या गल्लीतल्या कमलबाईंच्या गच्चीवर कुरडया घालायच्या होत्या. नवरा दिवसभर एका जागी बसणार असेल तर त्यांना ते हवंच होतं.

सकाळी बनाबाई चिकाचं पातेलं घेऊन गेल्या आणि आबाराव कामाला लागले. खिडक्यांना गोधड्या लावल्या, कूलर पूर्ण सोडला. पण भूमचा मे महिना असा कूलरला भीक घालतो काय? आबारावांच्या डोक्यात बर्फ आला. रात्रभर सराव म्हणून कूलरपुढं झोपल्यामुळं त्यांचा घसा बसला होता. तशाच घोगऱ्या आवाजात त्यांनी बर्फाच्या कारखान्यात फोन लावला.

"उत्तरेश्वर, बर्फाच्या लाद्या पायजेत. घरी. चांगल्या लांब, माणूसभर पसरतील अशा. आत्ताच्या आत्ता."

लग्नाचा बर्फ लोक आधी सांगून ठेवतात. सकाळी सकाळी, घाईनं, घरी लाद्या मागवतात ते एकाच कारणासाठी, आणि ते कारण तोंडावर विचारायची पद्धत नाही. पलीकडून उत्तरेश्वर हलक्या आवाजात म्हणाला, "किती येळ टिकायला पायजे, मामा?"

"संध्याकाळपर्यंत. चैताली शिलाँगला हाय न्हवं. तिच्यासाठीच थांबलंय सगळं."

"अरारारा, एवढ्या लांब! आन् मामी...?"

"मामीचं काय इचारतूस? आता म्या एकट्यानंच सोसायचंय."

"तुमी कायबी बघू नका, मामा. मी सोता येतो."

आणि तो खरंच आला. चपला दाराबाहेर काढल्या, लाद्या स्वतः उचलून बैठकीच्या खोलीत ओळीनं मांडल्या, वर भुसा पसरला. मग आतल्या खोलीकडं बघून हात जोडले आणि आबारावांचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला. इतका अदबशीर बर्फवाला आबारावांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. पोरगं पुढं जाईल, असं त्यांना वाटलं.

तो गेल्यावर त्यांनी दाराला आतून कडी घातली, फटीला पोतं लावलं, बर्फावर खाट टाकली आणि स्वेटर, मफलर, कानटोपी चढवून वर मांडी ठोकली. मोबाइल ओला होऊ नये म्हणून आतल्या खोलीत ठेवला. सुरुवातीला तर स्वर्ग होता. बाहेर उन्हात कुत्री धापा टाकत होती आणि आबाराव घरात शिलाँगच्या हवेत गार बसले होते. मग हळूहळू पायांची बोटं गेली, नंतर नाक गेलं. डोळ्यांना पाणी लागलं.

तेवढ्यात दारावर हलकी टकटक झाली.

"आबाराव, मी शिवानंद." पलीकडच्या घरात राहणारा, खव्याची भट्टी चालवणारा हा माणूस बोलण्यात एरवी खणखणीत. आज आवाज का कापतोय, हे आबारावांना कळेना. "उत्तरेश्वर सांगत होता... दार उघडा जरा."

"न्हाय उघडत," आबाराव खाटेवरूनच नाक ओढत म्हणाले. "दार उघडलं की बर्फ इतळतोय. सातपर्यंत हलणार न्हाय असा बनाला शबूद दिलाय म्या."

शिवानंद दाराच्या फटीजवळ वाकला. मग, "वैनी काय बोलल्या का वो?"

"एकच लावून धरलं बघा तिनं. माझ्या मयताला कोण येणार, कोण येणार!"

शिवानंदला हुंदका आवरला नाही. "कोण येणार म्हंजे? आमी मेलो का? सगळं भूम येईल, आबाराव! बघाच तुमी!"

शेजारी असावा तर असा, आपली बाजू बरोबर उचलून धरली, असं म्हणत आबारावांनी मफलर आणखी आवळला.

शिवानंदनं बोलल्याप्रमाणं केलं. भर लग्नसराईत भट्टी विझवली, मांडववाल्याला उठवलं आणि रामहरीला गाठलं. हा रामहरी म्हणजे आबारावांच्या गाडीवरचा जुना ड्रायव्हर. कुणाच्या घरी वाईट झालं की सगळी सूत्रं हातात घ्यायची त्याला भारी सवय. त्यानं निवृत्त मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर बातमी टाकली. बनाबाईंचा दुसरा फोटो मिळेना, म्हणून एका लग्नातला टाकला. त्यात त्यांच्या हातात जिलेबी होती. खाली श्रद्धांजलीचा पूर लोटला. मग त्यानं चैतालीलाही फोन केला. पण लांबच्या माणसाला खरं सांगायचं नसतं, वाटेत धीर सुटतो. म्हणून तो एवढंच म्हणाला, "आईला जरा बरं न्हाय, बाळा. पप्पा कामात हायत. तू आपली निघ."

चैतालीनं बापाला फोनावर फोन लावले. ते आतल्या खोलीत वाजत राहिले. आबारावांना ऐकू येत होते. पण फोन घ्यायचा म्हणजे खाटेवरून उठायचं, आणि उठायचं म्हणजे हरायचं.

दुपार कलली तशी बाहेर गर्दी वाढली. पांढरे सदरे, पांढऱ्या साड्या. डेपोतली माणसं आली, विहारातली मंडळी आली, वाशीचे आणि तेरखेड्याचे पाहुणे जीप करून आले. कूलरच्या आवाजात आबारावांना नुसती कुजबुज ऐकू येत होती. आपली थंडी बघायला गाव लोटलंय, अशा समजुतीत ते अधिकच ताठ बसले.

"आबा, गड्या," रामहरीनं दाराला तोंड लावलं, "किती धरून बसशील? एकट्यानं असं सोसू न्हाय. सोड आता."

"कडेपर्यंत न्यायचं ठरवलंय म्या!" आतून थरथरता आवाज आला. "बनाला हारू देणार न्हाय... म्हंजे मी हारणार न्हाय!"

"काय जीव व्हता बायकोवर!" रामहरी मागं वळून म्हणाला, आणि मांडवभर पदर डोळ्यांना लागले.

यापुढचं आबारावांनी स्वतः पाहिलं नाही. पण नंतर आठ दिवस बनाबाईंच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की पाहिल्यासारखंच झालं.

बनाबाई चिकाचे हात तसेच पदराला पुसत गल्लीत शिरल्या आणि मांडव दिसला. मांडव घातला होता त्यांच्या आणि शिवानंदच्या दारांच्या मध्ये. शिवानंदची म्हातारी आई महिनाभर अंथरुणाला खिळून होती. बनाबाई समजायचं ते समजल्या. अशा ठिकाणी बाईमाणसानं आधी चौकशी करायची नसते, आधी बसून रडायचं असतं. त्यांनी पदर तोंडावर घेतला, बायकांत मागं टेकल्या आणि मनापासून रडायला लागल्या.

"हाताला काय चव व्हती!" शेजारची म्हणाली.

"तर वो," बनाबाई रडत म्हणाल्या.

"तोंडानं जरा फटकळ, पण मनात काय न्हाय."

"फटकळ कसली? गरीब गाय व्हती म्हातारी," बनाबाई म्हणाल्या.

"म्हातारी कुठली? चालतीबोलती व्हती. काल तर कुरडयांचा गहू कुस्करत व्हती."

बनाबाईंचं रडणं थांबलं. "कोण गेलं म्हणायचं?"

"कंडक्टरची बनाबाई."

"कोणती बनाबाई?" असं विचारत त्यांनी पदर बाजूला केला, आणि शेजारची बाई किंचाळून तिच्या शेजारणीच्या मांडीत पडली.

बनाबाई उठल्या त्या थेट दारावर. "अवो! उघडा दार! काय करून ठेवलंय हे?"

मांडवातल्या पुरुषांच्या अंगावर काटा आला. आतून मात्र केविलवाणा आवाज आला, "सात वाजले का गं?"

"मुडदा बशिवला तुमच्या सातचा! उघडा आधी!"

कडी निघाली. गोठलेल्या हवेचा लोट बाहेर आला आणि त्यात आबाराव. कानटोपी, मफलर, लालभडक नाक. त्यांनी समोर बघितलं, मांडव बघितला, रामहरीच्या हातातला हार बघितला आणि पहिली शिंक दिली. शिंका रात्र उलटली तरी थांबायच्या नव्हत्या.

उलगडा व्हायला वेळ लागला. उत्तरेश्वर म्हणाला, मी फक्त बर्फ दिला. शिवानंद म्हणाला, मी फक्त ऐकलं ते सांगितलं. रामहरी हातातल्या हाराकडं बघत राहिला, मग आणलाय तर आणलाय म्हणून त्यानं तो बनाबाईंच्या गळ्यात घातला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. एवढी माणसं उन्हातान्हाची आलेली, तशीच कशी पाठवायची? मग लाद्या फोडल्या, पातेलंभर लिंबू सरबत झालं, आणि बनाबाईंच्या मयताला आलेली मंडळी बनाबाईंच्याच हातचं गारेगार सरबत पिऊन, "हाताला चव हाय बरं का," असं म्हणत पांगली.

संध्याकाळी आबाराव अंगात ताप घेऊन, पाय गरम पाण्यात सोडून बसले होते. पैज हरली होती. आता चैतालीला नाही म्हणायचं. बनाबाई मात्र हार न काढता उंबऱ्यात बसल्या होत्या आणि कोण कोण आलं होतं ते पुन्हा पुन्हा आठवत होत्या.

बरोबर सातला फोन वाजला. चैताली गुवाहाटीच्या विमानतळावरून रडत बोलत होती. आईचा आवाज ऐकून आणखी रडली, मग सगळा प्रकार ऐकून रागावली, मग हसता हसता पुन्हा रडली. "आता तिकीट काढलंय, मी येतेच! पण आई, खोल्यांचं काय सांगू? हो की नाही?"

आबारावांनी मान खाली घातली. आता थंडीचं नावसुद्धा नको झालं होतं. पण पोरीला तसं सांगायला जीभ वळेना. "तूच सांग," ते बायकोला म्हणाले आणि शिंकले.

"काय सांगू गं, चैताली," बनाबाई फोनमध्ये म्हणाल्या, "सगळं भूम लोटलं व्हतं. वाशीचे आले, तेरखेड्याचे आले. डेपो तर सगळा हजर. तुझी सोनारीची आत्या तेवढी..."

एवढ्यात शेवटच्या एसटीतून उतरलेल्या एका बाईनं गल्लीच्या तोंडाशी हंबरडा फोडला. "वैनीऽऽ! मला न बोलताच कशी गं गेलीस वैनीऽऽ!"

बनाबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी हार नीट केला, डोक्यावर पदर घेतला.

"आल्या," त्या म्हणाल्या. "व्हय म्हणून सांग तुझ्या मालकिणीला. जाताना आमी दोघं तुझ्यासंगंच येतो."

"अगं पण बना, थंडी..." आबाराव टोपातून पाय काढत म्हणाले.

"व्हईल सवय. माझ्या मयताचं सगळं यथासांग पार पडलं. आता मी कुठंबी ऱ्हायला मोकळी."

आणि फोन नवऱ्याच्या हातात देऊन त्या वन्संची समजूत घालायला बाहेर गेल्या.