तिसरी स्लीव्ह उचलली त्याची बखर

श्रीविश्वकर्मा समर्थ. तेल, पाणी आणि ठिणगी या तिहींस नमन करोन, आणि चौथें जें मोजमाप त्यास दोनदां नमन करोन, हकिकत लिहिली ऐसीजे: शके एकोणीसशें चौतीस, नंदननाम संवत्सरीं, भाद्रपदमासीं या राज्यांत बडी फिकीर पडली. फिकीर परचक्राची नव्हे, अवर्षणाची नव्हे, महाराजांचे गाडीची. गाडी कैसी, तर थोरले महाराज कैलासवासी यांनी विलायतेहून आणविलेली, तांबडी, बसकी, दोन माणसांची स्पोर्ट्सकार, वयें पन्नास वर्षें. थोरल्यांचे हातीं होती तों मर्यादेनें चालली. धाकटे महाराज गादीवर आले आणि त्यांस घाटाखालचे राजांची ईर्षा लागली. दर दसऱ्यास दोन्ही राज्यांच्या गाड्या घाट चढतात, आणि जो माथ्यावरचे देवळास आधीं पोंचेल तो जिंकला ऐसी वहिवाट. आणि घाटाखालचे सलग पांच वर्षें जिंकले. मग महाराजांनी जुन्या इंजिनास नवा टर्बो जोडविला. टर्बो म्हणजे इंजिनाचे नरड्यांत वारा कोंबणें. ताकद दुप्पट जाहली, आणि सिलिंडरच्या भिंती मात्र थोरल्यांचे वेळच्याच राहिल्या. इंजिनाचा पहिला ब्लॉक, म्हणजे सिलिंडरें ज्यांत कोरलेलीं तो ओतीव ठोकळा, चिरला. दुसरा आणविला, तोही दोन सिलिंडरांचे मधोमध चिरला. मग तिसरा मिळाला तो शेवटला. गाडी घडविणारा कारखाना बुडोन तीस वर्षें जाहलीं, मुलूख धुंडाळिला तरी चौथा ब्लॉक नाहीं. हा फुटला तर वडिलांची गाडी शोभेपुरती उरली.

तेव्हां इंजिनखान्याचे दारोगे गिरमाजी पांचाळ यांस बोलाविलें. गिरमाजी वयें चौसष्ट, एका कानानें अधू, स्वभावें तिरसट, परंतु बोट ऐसें कीं चाचपोन केसभर फरक सांगावा. चाळीस वर्षें चाकरी जाहली होती. दसऱ्यास निवृत्त व्हावें आणि भरदरबारीं सोन्याचें कडें घालोन सन्मान व्हावा ऐसें ठरलें होतें, आणि कारभारणीनें सोयरेधायरे आधींच बोलाविले होते. दिवाण अंताजीपंत यांस इंजिनांतलें कांहींएक कळत नसे, म्हणोन त्यांचें मत प्रथम घेतलें. पंत बोलिले, "भोक मोठं करा, पिस्टन मोठा घाला. जोर आणखी वाढेल."

गिरमाजी बोलिले, "पंत, घागरीत पाणी जास्त मावावं म्हणून आतनं तिचा पत्रा घासता का तुम्ही? भिंती आधीच पातळ. त्या कापून काढू आणि जाड, चिवट बिडाच्या नळ्या बसवू. स्लीव्ह म्हणतात त्याला. जोर आहे तेवढाच ठेवा सरकार, गाडी नातवंडं चालवतील."

महाराजांस तें मानवलें. मग ब्लॉक यंत्रावर चढविला आणि भिंती कापिल्या, आणि तळाशीं प्रत्येकीस एक बारीक पायरी ठेविली, कीं स्लीव्ह तीवर घट्ट बसावी. मग ब्लॉक राजवाड्याचे पावभट्टींत तापविला, त्या दिवशीं राजकुटुंबास पाव मिळाला नाहीं. आणि स्लीव्हा बर्फांत घालोन गारठविल्या. तापला ब्लॉक फुगतो, गारठली स्लीव्ह आकसते, आणि ती आंत अलगद उतरते. परंतु काम उतरण्यांत नाहीं, निवण्यांत आहे. निवतांना ब्लॉक स्लीव्हेस आवळतो, आणि वरोन दाब नसेल तर ती पायरी सोडोन वर सरकते. म्हणोन लोखंडी दांडा घेऊन ती दोन घटका दाबोन धरावी लागते. गिरमाजी हें काम दुसऱ्या कोणास देत नसत. पहिली बसली, दुसरी बसली. तिसरी उतरली आणि गिरमाजी दांड्यावर भार देऊन उभे राहिले, तोंच दारीं ललकारी जाहली आणि खासा महाराजांची स्वारी काम पहावयास आंत आली.

या राज्यांत मूल आधीं मुजरा शिकतें आणि मग चालावयास. चाळीस वर्षांची संवय. मन म्हणतें थांब, तों हात गेला. गिरमाजींनी दांडा सोडिला, लवोन तीन मुजरे केले, आणि पुन्हां दांडा धरिला. महाराज प्रसन्न होऊन गेले. मग चौथीही बसली.

दुसरे दिवशीं सकाळीं गिरमाजींनी मोजलें. तीन स्लीव्हा सारख्या, तिसरी केसाचे चौथाईनें उंच. पुन्हां मोजलें. चष्मा पुसोन पुन्हां मोजलें. मग ते ओट्यावर बसले. उपाय सोपा होता: वरोन एक हात यंत्र फिरवावें, चारी माथे आरशासारखे एक होतील, आणि जगांत कोणास कळणार नाहीं. दसरा पार पडेल, घाट चढेल, कडें हातीं पडेल. परंतु खालीं पायरीवर पोकळी राहील. आणि पुढें कधीं तरी, टर्बोचे तापांत, ती स्लीव्ह खालीं बसेल, माथ्यावरची गॅस्केट, म्हणजे पाणी अडविणारी चकती, फुटेल, पाणी आंत शिरेल आणि शेवटला ब्लॉक जाईल. तोंवर गिरमाजी घरीं नातवास खेळवीत असतील, आणि दोष नव्या दारोग्याचा ठरेल. हा विचार त्यांनी केला, पुरा केला, आणि त्याची त्यांस लाज वाटली. मग पागोटें घालोन ते दरबारीं गेले आणि मुजऱ्यानंतर बोलिले, "सरकार, तिसरी स्लीव्ह उचललीय. माझ्या हातनं. मुजऱ्याला दांडा सुटला."

अंताजीपंत कडाडले, "म्हणजे चूक मुजऱ्याची म्हणता?"

"चूक माझी. पण झाली मुजऱ्यानं."

महाराजांनी विचारलें, "दसऱ्याला घाट चढेल?"

"चढेल सरकार. पुढच्या वर्षी चढणार नाही. कधीच चढणार नाही."

"आणि काढून पुन्हा बसवली तर?"

"काढताना ही खराब होईल, नवी मागवावी लागेल. दसरा चुकेल."

त्याच दिवशीं चढाईंतून माघार घेतल्याचें पत्र घाटाखालीं गेलें. घाटाखालचे सहावे वर्षीं एकटेच चढले, जिंकले, आणि वरोन पेढे पाठविले; ते कोणी खाल्ले नाहींत. मुजऱ्यास बोल लावणाऱ्यास भरदरबारीं कडें देतां येत नाहीं ऐसें पंतांनी ठरविलें, आणि सोयरे आल्या पावलीं परत गेले. नवी स्लीव्ह कार्तिकांत आली, तोंवर गिरमाजीही चाकरींत राहिले. तेव्हां महाराज स्वतां इंजिनखान्यांत आले, बाह्या सारिल्या आणि बोलिले, "दांडा मी धरतो. या राज्यात ज्याला कोणालाच मुजरा करायचा नसतो, असा मी एकटाच आहे."

गिरमाजींस हें पटलें. स्लीव्ह उतरली, महाराजांनी दांडा दाबिला. एक घटका गेली. आणि मग दारांत आऊसाहेब उभ्या. वयें ऐंशी, सकाळपासोन पोर उपाशी कोठें आहे हें पहावयास काठी टेकीत आल्या होत्या. मातुश्री दिसतां पायांवर डोकें ठेवावें ही महाराजांची जन्माची रीत. त्यांचीं बोटें ढिलीं पडलीं. तोंच गिरमाजींनी आपला काळा, तेलकट हात महाराजांचे हातावर ठेविला आणि जोरानें दाबिला.

"नाही सरकार."

आऊसाहेब बोलिल्या, "कोण रे तो, महाराजांच्या हातावर हात ठेवणारा?"

गिरमाजींनी मान वळविली नाहीं. "गिरमाजी पांचाळ, आऊसाहेब. अजून एक घटका आहे."

आऊसाहेबांनी लेकाकडे पाहिलें, गिरमाजीकडे पाहिलें, आणि बोलिल्या, "मग मला टेकायला काहीतरी द्या." तेव्हां तेलाचा रिकामा डबा पालथा घातला आणि त्या घटकाभर त्यावर बसोन राहिल्या.

एवंच, स्लीव्ह पायरीवर बसली. गाडी पुढील दसऱ्यास घाट चढली, दुसरी आली. त्याचे पुढील वर्षीं पहिली आली. आणि नऊ वर्षें इंजिन उघडावें लागलें नाहीं. गिरमाजींस कडें मिळालें नाहीं तें नाहींच. परंतु त्या दिवसापासोन महाराज इंजिनखान्याचे उंबऱ्याबाहेर थांबतात, "निवलं का?" म्हणोन विचारतात, आणि आंतून होकार आला म्हणजे मग पाऊल टाकतात. लिहिलें तें घडलें तैसें. लेखनसीमा.