तरंगणारी डांबरगोळी

आमच्या शेजारचे देशपांडे काका बाजाराला निघाले की एका खिशात पाकीट ठेवतात आणि दुसऱ्यात मिठाच्या दाट पाण्याची बाटली. शेंद्र्याला रंगांच्या एका कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळून ते निवृत्त झाले. पण निवृत्त झालात, हे त्यांना अजून कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही.

मागं एकदा माझ्या स्कूटरवर बसून ते गुलमंडीला आले. कपाटात ठेवायला डांबरगोळ्या हव्या होत्या. दुकानदारानं पुडी दिली. काकांनी बाटली उघडून एक गोळी आत टाकली. ती थेट तळाला गेली.

"हे डांबर नाही. ह्यात क्लोरीन आहे."

"दिसायला तर सेमच है, काका."

"दिसण्यावर जाऊ नका. बेन्झिन पाण्यावर तरंगतं. त्याला एक क्लोरीन चिकटला की तेच बुडतं. तुमच्या गोळीत तर दोन चिकटलेत. खऱ्या डांबरगोळीत नुसता कार्बन आणि हायड्रोजन, म्हणून ती मिठाच्या पाण्यात वर राहते. क्लोरीन आला की वजन बदलतं, वास बदलतो, स्वभावच बदलतो."

"पर किड्याला कुठं पोहायचंय, काका?"

सगळं दुकान हसलं, मीही हसलो. काका पुढच्या दुकानात गेले. तिथंही गोळी बुडाली. तिसऱ्यानं बाटलीत भलतंच काही आहे असं समजून आम्हाला पायरीवरूनच परत पाठवलं. शेवटी एका जुन्या काष्ठौषधीच्या दुकानात गोळी तरंगली, तेव्हा काकांनी दुकानदाराचा हात दोन्ही हातांत धरला. तो बिचारा घाबरला.

त्यांच्या घरी आल्यावर मी विचारलं, "एवढी वणवण कशासाठी, काका?"

त्यांनी आवाज खाली आणला. "हिला आता माणसं ओळखू येत नाहीत. कपाट तेवढं ओळखते. गेल्या वेळी दुसऱ्या गोळ्या ठेवल्या, तर वास घेऊन म्हणाली, हे माझं नाही. दिवसभर घरात आपल्या साड्या शोधत फिरली."

गोळ्या फडक्यात बांधून त्यांनी साड्यांमागं ठेवल्या. थोड्या वेळानं काकू आल्या. एक साडी काढून नाकाशी धरली.

"माझंच आहे," त्या म्हणाल्या. मग काकांकडं वळल्या. "तुम्ही कोण?"

"गोळ्या द्यायला आलो होतो."

"उन्हाचं आलात. चहा घेऊन जा."

काका पाहुण्यासारखे अवघडून खुर्चीच्या कडेवर बसले. "चालेल की," म्हणाले, "मला काही घाई नाही."